नकाशाची खोली: नागपूरचा मृदा सर्वेक्षण ब्यूरो आणि बुलढाण्याची जमीन

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो १९७६ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखाली स्थापन झाला. २०२६ मध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण होतात. अशा प्रसंगी प्रकाशनांची, नकाशांची आणि संचालकांची यादी देण्याची रीत आहे. पण जमिनीचे सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे मोल यादीवरून ठरत नाही, ते एखाद्या जिल्ह्याच्या मातीतच तपासावे लागते. त्यासाठी बुलढाणा जिल्हा फार सोयीचा आहे. ९,६६१ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचे अजिंठ्याच्या डोंगररांगेने दोन भाग केले आहेत आणि लोकांच्या बोलण्यातही तीच विभागणी रुळली आहे. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटावर बेसाल्टच्या पठाराची हलकी ते मध्यम जमीन आहे, तर घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातली कित्येक फूट खोल, भारी काळी जमीन. आता या जिल्ह्याच्या वरच्या वीतभर मातीचा सामू (पीएच) मोजून नकाशा रंगवला, तर जवळजवळ सगळे पान उदासीन ते अल्कधर्मी या शेजारशेजारच्या छटांत रंगून निघेल. आम्लधर्मी जमीन नावालाही सापडणार नाही. तो नकाशा खोटा नसेल. तरीही तो पाहून कोणी घाटावरची आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातली, जमीन एकाच जातीची समजले, तर त्याचा निर्णय चुकेल आणि त्या चुकीचे मोल शेतकऱ्याला मोजावे लागेल.

मोठ्या प्रदेशाच्या मातीची आम्लता किंवा अल्कता नकाशावर आणायची तर नमुन्यांची दाटी आणि रंगांची सुबकता यांच्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हा नकाशा किती खोल आहे? ब्यूरोच्या पन्नास वर्षांतले सर्वांत टिकाऊ काम मला याच प्रश्नाशी बांधलेले दिसते. त्याचे छापील नकाशे जुने होतील, काही झालेच आहेत. पण जमिनीचा गुणधर्म तिच्या उभ्या छेदात वाचायचा ही जी शिस्त त्याने या देशात घट्ट केली, ती नसती तर पूर्णेच्या खोऱ्याचे दुखणे नेमके काय आहे ते आजही कळले नसते.

ही शिस्त एकाएकी आली नाही. भारतातल्या जमिनींची एक सुरुवातीची शास्त्रीय विभागणी सरकारी कृषिरसायनज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी १८९८ मध्ये केली: गंगा-सिंधूचा गाळ, काळी रेगूर, तांबडी आणि जांभा. या विभागणीत रंग आणि मूळ खडक एवढेच निकष होते. सामू या मापाचाच तेव्हा जन्म झाला नव्हता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सेन यांनी ते माप मांडले १९०९ मध्ये, आणि काचेच्या इलेक्ट्रोडवर चालणारे सोपे उपकरण बाजारात येईपर्यंत १९३० चे दशक अर्धे सरले होते. दरम्यान वऱ्हाडातल्या जमिनीबद्दलची माहिती वेगळ्याच वाटांनी गोळा होत होती. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा इंग्रजी अमलापर्यंत चाले. लोणारच्या सरोवरातला क्षार तर शतकानुशतके गोळा केला जाई आणि दल्ला, पापडी अशा नावांनी विकला जाई. म्हणजे मातीत आणि पाण्यात क्षार आहेत हे सर्वांना ठाऊक होते. ते कुठे किती आहेत, कोणत्या थरात आहेत आणि तिथे कसे आले, हे मात्र कोणत्याही कागदावर नव्हते. १९४३ मध्ये विश्वनाथ आणि उकील यांनी भारताचा मृदा नकाशा तयार केला, पण त्या प्रमाणावर विदर्भ हा काळ्या रंगाचा एक पट्टा होता, बस.

स्वातंत्र्यानंतर नियोजनाला नकाशे हवे होते. १९५६ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत मृदा सर्वेक्षणाची अखिल भारतीय योजना सुरू झाली आणि १९५८ मध्ये तिला भूमी उपयोगाची जोड मिळून अखिल भारतीय मृदा व भूमी उपयोग सर्वेक्षण संघटना झाली. एस. पी. रायचौधुरी हे त्या काळातले मोठे नाव. पुढे या संघटनेच्या कामाची वाटणी झाली. धरणक्षेत्रांच्या सर्वेक्षणाची बाजू कृषी मंत्रालयाकडे राहिली आणि वर्गीकरण-संशोधनाची बाजू परिषदेकडे आली. तिच्यातूनच १९७६ चा ब्यूरो उभा राहिला. मुख्यालय नागपूरला आले, आणि बंगळुरू, कोलकाता, दिल्ली, उदयपूर, जोरहाट अशी प्रादेशिक केंद्रे देशाच्या निरनिराळ्या माती-हवामानांत पसरली. नागपूरची निवड देशाच्या मध्यावरचे शहर म्हणून सोयीची होती. विदर्भाच्या दृष्टीने तिचा आणखी एक लाभ झाला. काळ्या भारी मातीचा, म्हणजे शास्त्रीय भाषेत व्हर्टिसॉलचा, अभ्यास करणारी माणसे त्या मातीच्या प्रदेशातच राहू लागली आणि पूर्णेचे खोरे त्यांच्या हाकेच्या अंतरावर आले.

ब्यूरोचे पहिले अवाढव्य काम म्हणजे राज्यवार मृदा संपदा नकाशे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ते हाती घेतले गेले. उपग्रहाच्या चित्रांवरून भूरूपे वेगळी काढायची, मग प्रत्यक्ष गावोगाव जाऊन मातीचे छेद तपासायचे आणि शेवटी प्रयोगशाळेत नमुने तपासून नकाशा पक्का करायचा, अशी तीन पायऱ्यांची पद्धत होती. नकाशाचे प्रमाण १:२,५०,००० आणि निरीक्षणांची जाळी दहा किलोमीटरची. महाराष्ट्राच्या जमिनींवरचे ओ. चल्ला आणि सहकाऱ्यांचे प्रकाशन १९९५ मध्ये निघाले. त्याच काळात जे. एल. सेहगल यांच्या नेतृत्वाखाली देशाचे वीस कृषि-परिस्थितिकी विभाग आखले गेले आणि १९९९ मध्ये त्यांचे साठ उपविभाग पाडले गेले. २०१२ मध्ये देशातल्या आम्लधर्मी जमिनींचा विस्तार आणि त्यातली विविधता दाखवणारी स्वतंत्र पुस्तिकाही ब्यूरोने काढली. कोकणचा जांभा, केरळ, ईशान्य भारत, छोटा नागपूरचे पठार, असा जास्त पावसाच्या प्रदेशांचा तो नकाशा आहे. त्यात बुलढाणा कोरा राहतो, आणि तसेच व्हायला हवे.

दहा किलोमीटरच्या जाळीचा बुलढाण्यापुरता हिशेब केला तर शंभर चौरस किलोमीटरमागे एक निरीक्षण पडते, म्हणजे सगळ्या जिल्ह्यात शंभराच्या आतबाहेर. हा आकडा ऐकून कोणालाही तो अपुरा वाटेल. म्हणून त्या एका निरीक्षणात काय काय असते ते जवळून पाहिले पाहिजे. दीड ते दोन मीटर खोल खड्डा खणतात आणि उजेड पडेल अशी त्याची एक बाजू उभी तासून घेतात. सर्वेक्षक खड्ड्यात उतरून सुरीच्या टोकाने वरपासून खालपर्यंत माती उकरत जातो आणि जिथे रंग, पोत किंवा ढेकळाची घडण बदलते तिथे थराची रेघ ओढतो. मातीचा रंग मन्सेलच्या रंगपुस्तिकेतल्या चौकोनांशी ताडून पाहतो. प्रत्येक थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतो. चुना असेल तर माती फसफसते, आणि ती किती जोरात फसफसली याचीही नोंद होते. खारपाणपट्ट्यातल्या खड्ड्यात अर्ध्या मीटरच्या खाली तिरके, चकचकीत घासलेले पृष्ठभाग लागतात. भारी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिची ढेकळे एकमेकांवर घासली जातात, त्याचे ते व्रण. त्यांच्यामध्ये चुन्याचे पांढरट खडे आणि मऊ गाठी असतात. मग प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत भरून प्रयोगशाळेत जाते. तिथे एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून सामू आणि विद्राव्य क्षार मोजतात आणि त्यांच्या जोडीला चुन्याचे प्रमाण, मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पाणी मुरण्याचा वेग. एका खड्ड्यातून असे पाच-सहा थरांचे चरित्र हाती येते.

हे चरित्र हाती नसते तर खारपाणपट्ट्याचे कोडे सुटले नसते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेला हा पट्टा. खाली शेकडो मीटर जाडीचा गाळ, भूजल खारे, विहिरीचे पाणी शेताला देता येत नाही आणि म्हणून शेती पावसावरची. सगळ्यांचा समज असा की दोष खाऱ्या पाण्याचा. विहिरीचे पाणी कधीच न दिलेल्या जमिनीतही पावसाळ्यात वर चिखल आणि खाली कोरडी माती का, भरघोस पाऊस होऊनही कपाशी माना का टाकते, याचे उत्तर त्या समजातून मिळत नव्हते. ब्यूरोच्या डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या खोऱ्याच्या मातीवर जे काम केले, त्यातून हे उत्तर हळूहळू आकाराला आले. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या मातीत कॅल्शियम असतो आणि सोडियमही. पाऊस बेताचा आणि बाष्पीभवन जबर असले की मातीतल्या पाण्यातला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खालच्या थरात बसत जातो. कॅल्शियम असा बाजूला पडला की उरलेल्या पाण्यात सोडियमचे पारडे जड होते आणि चिकणमातीचे कण सोडियम धरून ठेवू लागतात. सोडियम धरलेली चिकणमाती पाण्यात विरघळल्यासारखी विखुरते, तिची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि पाणी खाली उतरायचे थांबते. ही क्रिया खालून वर येते. वरची वीतभर माती नीट असताना हातभर खाली जमीन चोपण होऊन बसलेली असू शकते. खड्ड्यात दिसणारे ते पांढरे चुनखडे म्हणजे या ऱ्हासाची खूणच आहे. शेतकरी त्यांना जमिनीचा स्वभाव समजत आला.

सामू इथे का फसवतो, तेही याच रसायनातून उलगडते. मातीत चुना असला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधून तिचा सामू ८.२ ते ८.४ च्या आसपास अडकून राहतो. सोडियम थोडे वाढले तरी तो आकडा फारसा हलत नाही. सामू ८.५ च्या वर गेला की चोपण, असे जगभर शिकवले जाते. त्याच्याबरोबर विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमचे शेकडा प्रमाण १५ च्या वर असावे अशी अट आहे. हे निकष अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये ठरवले आणि आपल्याकडे ते तसेच उचलले गेले. पूर्णेच्या खोऱ्यात बालपांडे, देशपांडे आणि पाल यांनी १९९६ मध्ये दाखवले की या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत सोडियमचे प्रमाण अवघे ५ च्या पुढे गेले तरी पाणी मुरण्याची क्षमता ढासळते. २००३ मध्ये कडू आणि सहकाऱ्यांनी तो धागा पिकापर्यंत नेला. मध्य भारतातल्या अशा जमिनीत सोडियम ५ टक्क्यांच्या आत आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला २० मिलिमीटरच्या वर असेल तर कपाशी चांगली येते. सोडियम ५ च्या वर जाऊन हा वेग तासाला १० मिलिमीटरच्या खाली गेला की उत्पादन निम्म्यावर येते. ५ आणि १५ यांच्यामधल्या या जमिनी जुन्या निकषाने निर्दोष ठरत होत्या. सामूच्या नकाशावर त्यांना वेगळा रंग मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पिकाचे नुकसान मात्र त्यांच्यावर होत होते. माझ्या मते ब्यूरोच्या पन्नास वर्षांतले विदर्भासाठी सर्वांत मोठे काम हेच, आणि त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला.

लोणारचे सरोवर या रसायनाचे टोक आहे. चहूबाजूंनी बंद विवर, पाण्याला बाहेर वाट नाही, वर्षानुवर्षे बाष्पीभवन. कॅल्शियम तळाला बसत गेला आणि पाण्यात सोडियमचे कार्बोनेट साठत गेले. पाण्याचा सामू १० च्या घरात आहे. २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हा देशाचे लक्ष तिकडे गेले. पण लोणारचे पाणी चाखून कोणालाही त्याचा खारटपणा कळतो. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीतले तेच सोडियम हातभर मातीखाली दडलेले आहे, म्हणून त्याला शोधायला खड्डा लागतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. १:२,५०,००० च्या नकाशावर एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ६२५ हेक्टर जमीन. एखादे आख्खे गाव त्यात बसते. पाच एकरवाल्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? उपयोग नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. तो नकाशा राज्याच्या नियोजनासाठी होता आणि त्याने ते काम केले. आक्षेपाची धार ब्यूरोच्याच संशोधनाने आणखी वाढवली आहे. वैद्य आणि पाल यांनी २००२ मध्ये पूर्णेच्या खोऱ्यात दाखवले की सपाट दिसणाऱ्या जमिनीतल्या किरकोळ उंचवट्यांवर माती चोपण झालेली असते आणि शेजारच्या किंचित खोलगट भागात ती निरोगी असते. क्षार सखल भागात साचतात ही आपली नेहमीची समजूत. इथे उलटे आहे, कारण उंचवट्यावरून पावसाचे पाणी निसटून जाते, आत कमी मुरते आणि चुना बसण्याची क्रिया तिथे जोर धरते. अशा मैदानात दहा किलोमीटरची जाळी पुरणार नाही हे उघड आहे. म्हणूनच ब्यूरोने गेल्या दशकात १:१०,००० प्रमाणावरच्या भूसंपदा सूचीकडे मोर्चा वळवला. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णेच्या खोऱ्यातली क्षारग्रस्त गावे खास घेतली गेली आणि त्या कामाला या सूचीचा आधार देण्याचे ठरले. मोठ्या प्रमाणाच्या नकाशाने चौकट दिली आणि त्या चौकटीत कुठे बारकाईने पाहायचे ते खड्ड्यांनी सांगितले. हा क्रम उलटा झाला असता तर बारीक नकाशासाठी कोणती मोजमापे घ्यायची हेच कळले नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा आणि बारा घटक तपासायचे. ब्यूरोच्या जाळीत दहा हजार हेक्टरला एक निरीक्षण येते, इथे दहा हेक्टरला एक, म्हणजे हजारपट दाट. मग जुने सर्वेक्षण कशाला हवे? ही योजना मोलाची आहे, तिने माती परीक्षण गावागावांत पोहोचवले याबद्दल दुमत नाही. पण तिचा नमुना वरच्या वीतभर थरातला असतो आणि तिच्या बारा घटकांत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये आहेत, विनिमययोग्य सोडियम नाही. खताची मात्रा ठरवायला ती पुरेशी आहे. शेगाव किंवा संग्रामपूरच्या एखाद्या शेतात पाणी का मुरत नाही, हे ती कितीही दाट केली तरी सांगू शकणार नाही, कारण दुखणे तिच्या नमुन्याच्या खाली आहे. आणखी एक बारकावा आहे. सामूचे माप एकेका पायरीला दहापटीने बदलते. ८ आणि ९ मधला फरक दिसायला एकाचा, प्रत्यक्षात दहापट. त्यामुळे असंख्य नमुन्यांची सरासरी काढून गावाला एकच आकडा चिकटवला तर बरे-वाईट दोन्ही त्यात बुडून जातात.

तिसरा आक्षेप नव्या तंत्राचा. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या जागतिक मृदा माहिती केंद्राने २०१७ मध्ये सगळ्या जगाचा मृदा नकाशा संगणकाला शिकवण्याच्या (मशीन लर्निंग) पद्धतीने काढला. चौकट २५० मीटरची, खोलीनुसार सामू दिलेला, तोही दोन मीटरपर्यंत. मग चिखलात उतरायचे कशाला? पण त्या नकाशाचा पाया जगभरातले सुमारे दीड लाख खणलेले छेदच आहेत. संगणकाने उपग्रहाची चित्रे, पाऊस, उतार यांवरून खड्ड्यांमधल्या रिकाम्या जागा भरल्या. जिथे खड्डे विरळ, तिथे त्याचा अंदाजही विरळच. पूर्णेच्या मैदानातला अर्ध्या मीटरचा उंचवटा त्या २५० मीटरच्या, म्हणजे ६.२५ हेक्टरच्या, चौकटीत हरवून जातो. हे तंत्र पुढे नक्की सुधारेल. ते सुधारण्यासाठी त्याला जी सामग्री लागेल ती नागपूरच्या नोंदवह्यांत आहे, आणि नवे खड्डे खणणे थांबले तर ती वाढणार नाही.

आम्लधर्मी प्रदेशातही खोलीचा प्रश्न असाच आहे. ब्राझीलच्या सेराडो पठारावर वरच्या थरात चुना घालून सामू सुधारला, तरी खालच्या थरातल्या आम्लतेने आणि विषारी ॲल्युमिनियमने मुळे अडून राहत. तिथे जिप्सम वापरून कॅल्शियम खाली पोहोचवावा लागला. आपल्याकडे चोपण जमिनीतले सोडियम हुसकायला हेच जिप्सम सांगतात. एकाच औषधाने दोन विरुद्ध दुखण्यांवर उतारा पडतो, कारण दोन्हीकडे खालच्या थराला कॅल्शियम हवा असतो. पण किती जिप्सम, किती खोलीसाठी, आणि जिथे मातीत आधीच भरपूर चुना आहे तिथे शेणखत आणि धैंच्यासारख्या हिरवळीच्या खतांनी तो चुनाच विरघळवून काम भागेल का, याचे उत्तर वरच्या मातीच्या सामूवरून काढता येत नाही.

शेतकऱ्याला आपली जमीन ठाऊकच असते, संस्थेने वेगळे काय सांगितले, असेही कोणी म्हणेल. खरे आहे, चोपण, खारवट, चिबड, बरड ही नावे शास्त्रज्ञांनी दिलेली नाहीत. बांधावरचा माणूस कोणत्या तुकड्यात पीक आधी सुकते ते अचूक दाखवतो आणि सर्वेक्षकाने खड्ड्याची जागा ठरवण्याआधी त्याला विचारले पाहिजे. पण चोपण होण्याच्या वाटेवर असलेली, अजून बरी दिसणारी जमीन त्यालाही ओळखता येत नाही. आजवर ती ओळखता आली नाही तरी चालून गेले, कारण पाणीच नव्हते. आता तसे राहणार नाही. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहत आहे आणि त्याच्या लाभक्षेत्रात लाखभर हेक्टर जमीन येते, बरीचशी याच भारी काळ्या मातीची. पाण्याची तहान असलेल्या मुलखाला पाणी मिळालेच पाहिजे, यात शंका नाही. मात्र पाणी न मुरणाऱ्या जमिनीवर कालव्याचे पाणी आले की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. नीरेच्या डाव्या कालव्याखाली बारामतीच्या बाजूची जमीन खारवू लागली आणि हॅरॉल्ड मान व ताम्हाणे यांना १९१० मध्ये त्या क्षारजमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. तिथे पाणी आधी आले आणि जमिनीचा अभ्यास नंतर झाला. बुलढाण्यात अभ्यासाला आधी सुरुवात झाली आहे. कुठे ठिबकच द्यावे, कुठे निचऱ्याचे चर आधी काढावेत, कुठे कपाशीऐवजी उथळ मुळांचे पीक बरे, हे पाणी सोडण्यापूर्वी गटनिहाय ठरवण्याइतकी समज आज उपलब्ध आहे. तिला १:१०,००० च्या नकाशाची आणि त्याहून जास्त म्हणजे मीटरभर खोलीच्या नोंदींची जोड हवी.

म्हणून वाचकांपैकी जे घाटाखालच्या गावांतले आहेत त्यांना एक विनंती आहे. सर्वेक्षणाची तुकडी गावात आली आणि तिने शेतात खड्डा खणायची परवानगी मागितली तर ती द्या, आणि ज्या तुकड्यात पीक आधी माना टाकते तो तुकडा तिला आवर्जून दाखवा. शेततळे, विहीर किंवा पाइपलाइनचा चर खणला जाईल तेव्हा वरच्या वीतभर मातीबरोबर हातभर आणि कमरेइतक्या खोलीवरची मातीही वेगवेगळ्या पिशव्यांत भरून, खोली लिहून, प्रयोगशाळेत न्या आणि सामूबरोबर सोडियमही तपासून मागा. जिगावचे पाणी शेतात येण्याआधी हे झाले पाहिजे.